प्रॉम्प्टरबाईंचा इंग्रजीचा वर्ग

माझी धाकटी बहीण इंग्रजी शिकवते, आणि तिच्या वर्गात बसून मी जितका वैतागलो आहे तितका मी माझ्या कुठल्याही पडेल नाटकात वैतागलेलो नाही. पडेल नाटक निदान तीन तासांत संपतं. हा वर्ग आठवड्यातून तीनदा भरतो, दुपारी चार ते साडेपाच, आणि गेली चार वर्षं मी त्याच्या शेवटच्या बाकावर हजर आहे.

मला तिथे शिकायचं काही नव्हतं. बायको गेली, गुडघ्यांनी असहकार पुकारला, रंगभूमीने मला हळूच विंगेत ढकललं आणि मी घरात बसून भिंतींना जुने किस्से सांगू लागलो. एक दिवस बहीण आली, दारात उभं राहून तिने दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "दादा, भिंतींची कीव येते मला. उद्यापासून वर्गात येऊन बस. फळा तरी पुसशील."

हिला आमच्या नाटक कंपनीत सगळे 'धाकटी' म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेली पोरंसुद्धा. आज ती त्रेसष्ट वर्षांची आहे आणि अजून धाकटीच आहे. एकोणिसाव्या वर्षी ती कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून आली. ज्यांनी नाटक फक्त खुर्चीत बसून पाहिलं त्यांना प्रॉम्प्टर दिसत नाही, दिसू नये अशीच सोय असते. डाव्या विंगेत, एका मिणमिणत्या दिव्याखाली, हातात नाटकाची वही घेऊन ती उभी असायची आणि नट अडखळला की पुढचा शब्द कुजबुजायची. ही कुजबुज नटाच्या कानात पडली पाहिजे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला ऐकू जाता कामा नये. धाकटीची कुजबुज अशी होती की आपल्याच डोक्यातून शब्द आला असं वाटावं. आणि ती अडखळण्याची वाटही बघत नसे. नटाच्या मानेवरून तिला कळायचं की आता हा विसरणार. विसरायच्या आधीच शब्द हजर. तेवीस वर्षं तिने असे पंधरा-वीस नट तारले, त्यांतलं सर्वांत जड ओझं मी.

मग कंपनी बंद पडली. मालकाच्या मुलांनी पडदे, तलवारी, राजांचे मुकुट सगळं विकून टाकलं. मी दुसऱ्यांच्या नाटकांत म्हातारे बाप करू लागलो. धाकटी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली. कानाला हेडफोन लावून सोळा वर्षं तिने माणसांना माणसं जोडून दिली. इंग्रजी ती तिथे शिकली. आधी ऐकून, मग पुस्तक आणून, मग रात्रशाळेत परीक्षा देऊन. निवृत्त झाली तेव्हा तिच्या साहेबापेक्षा तिचं इंग्रजी शुद्ध होतं, आणि हे साहेबाला सांगायला ती विसरली नाही.

वर्गाची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. ती खरी कामगार युनियनची. कपाटावर गुंडाळलेले फलक पडलेले असतात, टेबलाच्या एका पायाखाली जुन्या पत्रकांची घडी आहे, आणि फळ्याचा एक कोपरा तुटलेला आहे. खालून सतत पंपाचा फुसफुस आवाज येतो आणि मधूनच घंटी वाजते. नवीन बसवलेली घंटी वाजवून बघितल्याशिवाय दुकानदार सायकल देत नाही. नवा विद्यार्थी दर वेळी दचकतो. त्याला वाटतं तास संपला.

पटावर चौदा नावं आहेत. येतात सहा-सात. एक प्लंबर आहे, ज्याला परदेशी कंपनीचं कंत्राट हवं आहे आणि ज्याच्या जिभेला हाड नाही. एक बँकेचा रखवालदार आहे, जो डोळे उघडे ठेवून झोपतो. आणि एक होती मावशी.

मावशी हॉस्पिटलात वॉर्डात काम करायची. पेशंट उचल, चादरी बदल, गोळ्या दिल्या का बघ, बेडपॅन ने. नऊ वर्षं हेच, आणि नऊ वर्षं तात्पुरती. दर तीन महिन्यांनी तिला नवीन कागद मिळायचा की आणखी तीन महिने या. मग हॉस्पिटलात बाहेरून डॉक्टर येऊ लागले, त्यांना आपली भाषा येईना, आणि व्यवस्थापनाने नियम काढला: ज्याला कायम व्हायचं आहे त्याने इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यावी. पाळी बदलताना डॉक्टरला जे सांगावं लागतं तेच सांगायचं. सकाळपासून पेशंटला काय दिलं, आत्ता तो काय करतोय, पुढे काय करायचं आहे. पाच वाक्यं. संधी दोन, तीन महिन्यांच्या अंतराने. आणि वयाची अट पंचेचाळीस. मावशीला चव्वेचाळीस सरून दोन महिने झाले होते. यंदा नाही तर कधीच नाही, आणि पुढच्या कुठल्याही तीन महिन्यांनंतर तो नवीन कागद मिळाला नाही तरी तक्रार करायला जागा नाही.

"पाचच वाक्यं ना?" धाकटी पहिल्या दिवशी म्हणाली. "पाच महिन्यांत पाच वाक्यं शिकवता आली नाहीत तर मी नाव लावणार नाही."

आता वर्गाबद्दल सांगतो, म्हणजे माझा वैताग कळेल.

धाकटी काळ शिकवायची आणि मी काळ करून दाखवायचो. या वर्गात मी क्रियापद आहे. ती फळ्यावर 'वॉक' लिहायची की मी उठायचो. वर्तमानकाळ खोलीच्या मधोमध, भूतकाळ खिडकीपाशी, भविष्यकाळ दाराजवळ. मी मधोमध चालायचो, वर्ग ओरडायचा, "ही इज वॉकिंग!" मी खिडकीपाशी जाऊन थांबायचो आणि मागे वळून माझ्या पावलांकडे हळहळून बघायचो. "ही वॉक्ड!" मी दाराकडे तोंड करून छाती पुढे काढायचो. "ही विल वॉक!"

"दादा," प्लंबर म्हणायचा, "भूतकाळातसुद्धा तुम्ही लंगडताय. तेव्हा तर गुडघे चांगले होते ना?"

"नटाला सातत्य लागतं," मी म्हणायचो.

एवढं करूनसुद्धा पाच मिनिटांनी रखवालदाराला विचारलं की काल काय केलंस, तर तो म्हणायचा, "आय ॲम गो बँक." प्लंबर म्हणायचा, "आय ॲम पाइप कट." प्रत्येक वाक्याला 'आय ॲम'. जणू ते त्यांचं आडनाव होतं. आणि क्रियापद ढकललेलं पार शेवटी.

"कर्ता! मग क्रिया! मग बाकीचा पसारा!" धाकटी डस्टर आपटून सांगायची. "आपल्याकडे क्रियापद सगळी पंगत बसल्यावर शेवटी येतं. त्यांच्याकडे ते कर्त्याच्या पाठोपाठ दारातून आत शिरतं. त्याला बाहेर ताटकळत ठेवू नका!"

"बाई, आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग काम विचारतात," प्लंबर म्हणायचा.

"तुझ्याकडे पाणी देतात की गळती?"

असं चालायचं. मला वाटायचं, ही एवढी जीव तोडून शिकवते, ही मंडळी दिवसभराचं काम सोडून, मुलांना शेजारी ठेवून येतात, मग चार वर्षांत एकालाही एक वाक्य सबंध का बोलता येत नाही? धाकटीलाही तेच वाटायचं. घरी जाताना ती रोज म्हणायची, "दादा, काय कमी पडतंय तेच कळत नाही. वर्गात बोलतात रे. बाहेर गेले की दातखीळ बसते."

वर्गात बोलतात हे खरं होतं. मावशी तर चांगली बोलायची. उभी राहायची, पदर खोचायची, समोर बघायची आणि सुरू करायची. "डॉक्टर, आय गेव्ह द पेशंट…" मग फळ्याच्या डाव्या बाजूला बघायची, तिथे धाकटी उभी असायची, आणि पुढे म्हणायची, "हिज टॅब्लेट्स ॲट एट. ही इज…" पुन्हा डावीकडे, "…स्लीपिंग नाऊ." झकास. मी शेवटच्या बाकावरून टाळी वाजवायचो. पाच महिने मी टाळ्या वाजवल्या. माझ्या जागी कुणी शेंबडं पोर असतं तर त्याला दिसलं असतं, मला दिसलं नाही.

पहिल्या परीक्षेला मावशीबरोबर मी गेलो. वर्गाचा दिवस होता आणि धाकटीने चार वर्षांत एकही तास चुकवला नव्हता. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, वजनाचा काटा आणि वाळूची बादली यांच्यामधल्या बाकावर मी बसलो. परीक्षेच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. चार बोटांची फट राहिली होती. त्यातून मला मावशीची पाठ दिसत होती, समोर टेबलापलीकडे एक डॉक्टर, एक अधिकारी आणि डाव्या हाताला मेट्रनबाई.

"यस?" डॉक्टर म्हणाले.

मावशीने पदर खोचला. "डॉक्टर, आय गेव्ह द पेशंट…"

आणि ती थांबली. तिने डावीकडे बघितलं. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मावशी बघतच राहिली. खाली कुठेतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज आला आणि विरला. नटाच्या आयुष्यात मी असा थांबा तीन-चारदा पाहिला आहे, आणि तो दुसऱ्याचा असला तरी आपणच पुढचा शब्द शोधू लागतो.

"यस, गो ऑन," डॉक्टर म्हणाले.

"आय गेव्ह द पेशंट…" आणि पुन्हा डावीकडे.

"माझ्याकडे काय बघताय?" मेट्रनबाई म्हणाल्या. "मी सांगायचं का उत्तर?"

तीन मिनिटांनी मावशी बाहेर आली. रडली नाही. बाकावर माझ्याशेजारी बसली, पदराने मान पुसली आणि अगदी कोड्यात पडल्यासारखी म्हणाली, "दादा, आवाजच आला नाही."

"तुझा?"

"माझा नाही हो. बाईंचा."

मला आधी वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मग मी डोळे मिटले, तर तो वर्ग मला पहिल्यांदा नीट दिसला. मावशी अडते, डावीकडे बघते, धाकटीचे ओठ हलतात. प्लंबर अडतो, धाकटीचे ओठ हलतात. वाक्य अर्धं त्यांचं, अर्धं हिचं. ती कुजबुज मला ऐकू आली नव्हती, कारण मी शेवटच्या बाकावर होतो आणि धाकटीची कुजबुज प्रेक्षकांपर्यंत कधी जातच नाही. आणि त्यांनाही कळलं नव्हतं, कारण ती आपल्याच डोक्यातून आल्यासारखी वाटते.

संध्याकाळी मी धाकटीकडे गेलो. ती वह्या तपासत होती.

"नापास?" तिने माझं तोंड बघूनच विचारलं. "पाच महिने! पाच महिने घसा फोडला मी! काय चुकली ती? भूतकाळ चुकली?"

"भूतकाळ बरोबर होता. शब्दासाठी थांबली."

"का थांबली? पाठ होतं तिचं सगळं!"

"तू सांगशील म्हणून थांबली."

मी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा झाला की मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"म्हणजे माझ्यामुळे नापास झाली असं म्हणायचंय तुला?"

"अगं, सवय असते…"

"सवय? तुला त्या सवयीने तेवीस वर्षं तारलं! न्यायाधीशाच्या भूमिकेत तू आरोपीचं नाव विसरलास तेव्हा कुणी सांगितलं? स्वतःच्या मुलाचं नाव विसरलास, राजा असून राजधानी विसरलास! लोक म्हणायचे काय पल्लेदार बोलतो. पल्ला कुणाचा होता, दादा?"

"तुझा," मी म्हणालो. आणि मग जे चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. "धाकटे, मी तिसरा अंक कधी पाठच केला नाही."

"कुठल्या नाटकाचा?"

"कुठल्याच. पहिले दोन करायचो. तिसऱ्याला तू असायचीस."

मला वाटलं आता वही फेकून मारणार. तिने फक्त चष्मा काढला आणि म्हणाली, "मेल्या, आणि मला वाटायचं तू थकतोस म्हणून विसरतोस. मी घरी येऊन आईला सांगायचे, दादाला दूध जास्त दे."

त्यानंतरच्या तासाला ती शपथ घेऊन आली की एक शब्द सांगणार नाही. मावशी उभी राहिली, अडली, धाकटीने ओठ घट्ट मिटले, आणि भुवया उचलून 'टॅब्लेट्स' म्हटलं. भुवयांनी! मी शेवटच्या बाकावरून शपथेवर सांगतो, मला तो शब्द नीट वाचता आला. चार दिवस असंच. ओठ थांबले तर बोटं बोलायची, बोटं थांबली तर मान.

शेवटी तिला आमचे तालीममास्तर आठवले. तालमीच्या वेळी विंगेत बडबड करणाऱ्या पोरांना ते तोंडात पाणी धरून उभं करायचे. पुढच्या तासाला धाकटी स्टीलचा ग्लास भरून घेऊन आली. कुणी बोलायला उभं राहिलं की तिने एक घोट तोंडात घ्यायचा आणि फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. गिळायचं ते वाक्य संपल्यावरच.

कल्पना उत्तम होती. अंमलबजावणी म्हणजे छळ. मावशी उभी राहिली. "आय गेव्ह द पेशंट…" आणि शांतता. खालून पंपाचा आवाज. एक मिनिट. धाकटीचे गाल फुगलेले, मान ताठ, कानशिलं लाल. दोन मिनिटं. या शांततेने रखवालदार दचकून जागा झाला.

"बाई," मावशी कासावीस होऊन म्हणाली, "तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

धाकटीला उत्तर देता येईना. तिने जोरजोरात मान हलवली.

"बघा, रागावल्यात," मावशी वर्गाला म्हणाली.

"बाई, टाकी भरली असेल तर कॉक बंद करू का?" प्लंबर म्हणाला, आणि धाकटीने पाणी गिळून त्याला असं झापलं की मावशीचं वाक्य बाजूलाच राहिलं. मग तिने सगळ्यांना समजावलं. आपण का गप्प आहोत, काय चूक झाली, कुणाची झाली. स्वतःकडे बोट दाखवून सांगितलं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी बुडत असताना तुम्ही काठावर उभं राहून बघणार?"

"बघणार नाही. पाठ करून उभी राहणार."

"मग आम्ही घरीच बुडतो की. एवढा जिना चढून कशाला यायचं?"

दोन आठवडे असेच गेले. एका वाक्याला चार-चार मिनिटं. तासाला दोन माणसं बोलून व्हायची. चिडचिड अशी की सगळे एकमेकांवर डाफरायचे. आणि एक दिवस मावशी 'टॅब्लेट्स'पाशी अडलेली असताना मला शेवटच्या बाकावर राहवेना. मी नुसता तळहातावरची गोळी तोंडात टाकून वर पाणी प्यायल्याचा अभिनय केला. साधाच. माझ्या दर्जाचासुद्धा नव्हता.

"टॅब्लेट्स!" मावशी आनंदाने ओरडली.

धाकटी वळली. तिने मला रंगेहाथ पकडलं. वळता वळताच तोंडातलं पाणी फळ्यावर उडालं होतं आणि त्या दिवसाचे तिन्ही काळ वाहून गेले होते. "दादा! बाहेर!"

एकाहत्तराव्या वर्षी मला वर्गाबाहेर काढलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसलो. सायकल दुकानदाराने पंप थांबवून विचारलं, "काय केलंत काका?"

"अभिनय."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि पुन्हा हवा भरू लागला.

त्या दिवसापासून मावशीने येणं थांबवलं. एक आठवडा गेला, दुसरा लागला. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. धाकटीचं जेवणात लक्ष नव्हतं. एका सकाळी ती हॉस्पिटलच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि पाळी सुटायची वाट बघत बसली. तिथे काय झालं ते मला पुढे मावशीनेच सांगितलं. धाकटीने ना विनवणी केली ना उपदेश. ती एवढंच म्हणाली, "तुला जड जातंय तितकंच मलाही जातंय गं. तू आली नाहीस तर मी पुन्हा शब्द सांगायला लागेन."

मावशी आली. पण रागाने आली, आणि मला वाटतं त्या रागाचाच उपयोग झाला. आता ती अडली की डावीकडे बघेना. जमिनीकडे बघून पुटपुटायची, "नको सांगू, नको सांगू," आणि मग शब्द सापडला नाही तर सरळ ते वाक्य सोडून दुसरंच धरायची. 'टॅब्लेट्स' आठवलं नाही तर 'मेडिसिन' म्हणायची, तेही नाही आलं तर "स्मॉल व्हाइट थिंग" म्हणून मोकळी व्हायची. 'गेव्ह'च्या जागी 'गिव्हड' ठोकून द्यायची. 'गिव्हड' ऐकून धाकटीच्या तोंडातलं पाणी कढत असेल असं तिच्या डोळ्यांवरून वाटायचं. पण वाक्य शेवटपर्यंत जायचं. वेडंवाकडं, खरचटलेलं, पण जायचं. मग धाकटी गिळायची आणि चुका सांगायची, आणि मावशी म्हणायची, "बाई, आधी घरी तर पोचू द्या. केस मग विंचरीन."

दुसऱ्या परीक्षेला धाकटी स्वतः गेली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने तास बंद ठेवला. मीही गेलो. त्याच बाकावर आम्ही दोघं. दार मात्र या वेळी दुरुस्त केलेलं होतं. मावशी आत गेली आणि ते घट्ट लागलं. काही दिसेना, काही ऐकू येईना. धाकटी दाराकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"पाणी आणू?" मी विचारलं.

"तोंड सांभाळ," ती म्हणाली.

पंधरा मिनिटं लागली. मावशी बाहेर आली ती घामाने डबडबलेली आणि कुणावर तरी चिडलेली.

"काय झालं?" धाकटी उठली.

"अडकले ना तिसऱ्याला. ब्लड प्रेशर काही आठवेना. आठवतेय, आठवतेय, तेवढ्यात त्या मेट्रनबाई पुढे वाकल्या आणि शब्द सांगायला लागल्या."

"सांगितला?" धाकटीने विचारलं.

"सांगू कुठे दिला! मी हात वर केला. म्हटलं, 'मॅडम, प्लीज वेट. आय ॲम स्पीकिंग.'"

धाकटीने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. "मेट्रनला म्हणालीस?"

"मग काय! एवढे दिवस मी तुम्हाला बोलू दिलं नाही, त्यांना देईन होय? त्या डॉक्टरांना हसू आलं. मेट्रनबाईंना नाही आलं."

"पुढे? पुढे काय म्हणालीस? शब्दन्‌शब्द सांग."

मावशीने आपली पाच वाक्यं उभ्या उभ्या म्हणून दाखवली. धाकटी बोटांवर मोजत होती. पाचांतली तीन चुकलेली. "'यस्टरडे ही इज स्लीप' म्हणालीस? यस्टरडे? आणि इज?" तिने कपाळावर हात मारला. "दादा, तू खिडकीपाशी कुठल्या जन्मात चालत होतास मग?"

"पण संपलं ना वाक्य," मावशी म्हणाली.

बारा दिवस निकाल नव्हता. त्या बारा दिवसांत धाकटीने प्लंबरला चार वेळा रडकुंडीला आणलं. मेट्रनबाईंच्या मनात काय असेल या विचाराने ती मला दिवसातून तीनदा फोन करायची.

तेराव्या दिवशी तासाच्या मध्यावर मावशी जिना चढून आली. हातात लांब लिफाफा होता. तो तिने फोडला नव्हता. पत्र इंग्रजीत असणार हे तिला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. सगळ्यांसमोर उभं राहून तिने लिफाफा फाडला आणि वाचायला लागली. एकेका शब्दाला बोट लावून. तीन-चार ठिकाणी अडली. कुणी हूं की चूं केलं नाही. प्लंबरचा फोन वाजला, त्याने तो न बघता बंद केला. 'परमनंट' या शब्दाशी ती आली, तो तिने दोनदा वाचला, आणि मग वर्गाने जो काही गोंगाट केला त्याने खालचा दुकानदार हातात पाना घेऊन वर आला.

धाकटी मात्र पत्राकडे बघत होती. "पुढचं वाच."

मावशीने पुढचं वाचलं. कामाची वेळ होती. दुपारी दोन ते रात्री दहा, सोमवार ते शनिवार. तिचा आवाज हळूहळू खाली आला.

"म्हणजे आता तू येणार नाहीस," धाकटी म्हणाली.

"कशी येऊ बाई?"

"तुझा परफेक्ट टेन्स राहिलाय. हॅव, हॅज, हॅड. तीन महिन्यांचं काम आहे ते. आणि ते 'गिव्हड' अजून तुझ्या तोंडातून गेलेलं नाही."

"रविवारी आले तर?"

"रविवारी खोली युनियनची असते."

वाकून मावशीने धाकटीच्या पायांना हात लावला, माझ्या लावला, आणि रात्रपाळी गाठायची म्हणून घाईने जिना उतरून गेली. धाकटी वळून प्लंबरवर खेकसली, "तुला काय निमंत्रण द्यायचं? ऊठ! काल काय केलंस सांग!" आणि ग्लास उचलून तिने घोट घेतला. प्लंबरने 'आय ॲम'ने सुरुवात केली.

घरी जाताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती. चौकापाशी थांबली.

"चार वर्षांत एक माणूस सबंध वाक्य बोलायला लागलं," ती म्हणाली, "आणि तेच गेलं."

"अगं, त्यासाठीच तर आली होती ती."

"माहीत आहे मला. म्हणून काय राग यायचा थांबतो?"

मला काही सुचलं नाही. तीही काही सुचवेना. रस्ता मोकळा झाला तशी ती तरातरा पलीकडे निघून गेली, आणि मी माझे गुडघे घेऊन तिच्या मागून.